दोन बुरुजांमधला दांडा

मोटारीविषयी चार माणसे बोलू लागली की बोलणे इंजिनापासून सुरू होते आणि एका लिटरात गाडी किती किलोमीटर जाते, यापाशी येऊन थांबते. मधल्या वाटेवर रंगाची, गाद्यांची आणि गार हवेची चौकशी होते. गाडीच्या हाडांविषयी मात्र कोणी विचारीत नाही. माणसाचेही असेच असते. पाहुण्याला आपण तब्येत विचारतो, कणा कसा आहे म्हणून विचारीत नाही. तो दुखू लागला म्हणजेच त्याची आठवण होते.

अलीकडे काही हौशी तरुणांच्या गाड्यांचे बॉनेट उघडले म्हणजे इंजिनाच्या वरून आडवा गेलेला एक दांडा दिसतो. तो लाल किंवा निळ्या रंगाचा असतो. गाडीच्या डाव्या अंगाला पत्र्याचा एक बुरूज असतो, तसाच उजव्या अंगाला असतो. त्या दोन बुरुजांना नटबोल्टांनी जखडून हा दांडा बसविलेला असतो. गाडी कारखान्यातून येताना तो नव्हता. मालकाने पदरचे पैसे घालून तो बाजारातून आणला. कशासाठी, म्हणून विचारले तर उत्तर मिळते, "गाडी वळणावर रस्ता चांगला धरते." वडील माणसांना हा निव्वळ छांदिष्टपणा वाटतो. परंतु या दांड्यामागे शंभराहून अधिक वर्षांची हकीकत उभी आहे. ती ऐकल्यावाचून वडिलांनी हसू नये आणि ती ऐकल्यावाचून चिरंजीवांनी पैसेही मोजू नयेत.

हकीकत तिवईपासून सुरू होते. घरातली तिवई कितीही ओबडधोबड जमिनीवर ठेवा, ती डुगडुगत नाही. चौरंग मात्र उंचसखल जमिनीवर ठेवला की त्याचा एक पाय अधांतरी राहतो आणि खाली कागदाची घडी सारावी लागते. तीन पायांचे जमिनीशी नेहमीच जमते. चौथा आला की कुरबूर सुरू होते. कार्ल बेंझ या जर्मन यंत्रज्ञाने १८८६ साली ज्या गाडीचे पेटंट घेतले, तिला तीनच चाके होती. अर्थात त्याचे कारण निराळे होते. चार चाकांची गाडी वळविण्याची त्या वेळची रीत त्याला पसंत नव्हती, म्हणून त्याने पुढे एकच चाक ठेवले. १८९३ साली त्याच्याच 'व्हिक्टोरिया' गाडीला चौथे चाक आले आणि चौरंगाची कुरबूर मोटारीच्या घरात शिरली.

चार चाकांपैकी एक खड्ड्यात गेले म्हणजे काय होते? तीनच गोष्टी संभवतात. एक तर चाक हवेत राहील. नाही तर स्प्रिंग लांब होऊन चाकाला खाली पोहोचू देईल. हे दोन्ही झाले नाही, तर ज्या सांगाड्यावर गाडी बांधली आहे तो सांगाडाच पिळला जाईल. धुणे पिळताना आपण एक टोक इकडे आणि दुसरे तिकडे फिरवितो, तसा गाडीचा पुढचा भाग एका अंगाला आणि मागचा दुसऱ्या अंगाला मुरडतो. जुन्या गाड्यांच्या पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगा कडक असत. त्या फारशा हलत नसत. म्हणून खड्ड्याचा बराचसा जाच सांगाड्यालाच सोसावा लागे.

आणि तो सांगाडा होता तरी कसा? हुबेहूब शिडीसारखा. दोन लांब दांड्या आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. आरंभी त्या दांड्या लाकडाच्या असत आणि त्यांना लोखंडी पट्ट्यांचा आधार असे. १९०१ सालच्या मर्सिडीज गाडीत विल्हेल्म मायबाख याने दाबून घडविलेल्या पोलादी पत्र्याचा सांगाडा वापरला आणि लाकूड मागे पडत गेले. परंतु पोलादाची झाली तरी शिडी ती शिडीच. बांबूची शिडी दोघांनी दोन टोकांना धरून उलटसुलट मुरडून पाहावी. तिच्यावर माणूस चढला तर ती त्याचा भार बिनतक्रार पेलते, पण पीळ दिला की कुरकुरत वाकडी होते.

ट्रकच्या बाबतीत हा दोष नव्हे, गुणच आहे. आपल्या हमरस्त्यांवरून ट्रकची नुसती चासी चाललेली पुष्कळांनी पाहिली असेल. ना छप्पर, ना दारे. डोक्याला फडके गुंडाळून एक चालक उघड्यावर बसलेला आणि त्याच्या मागे दोन लांबच लांब पोलादी दांड्या. जमशेदपूरला टाटांच्या कारखान्यातून १९५४ साली ट्रक बाहेर पडू लागले, त्यांचाही सांगाडा याच जातीचा. वाटेत नाला आला, बांध आला, तर ही चासी थोडी मुरडते आणि चाके जमिनीवर टेकलेली राहतात. बैलाच्या चालीने जाणाऱ्या ओझ्याच्या गाडीला एवढे पुरते. मात्र अशा चासीवर बसची पेटी बसवली की सांगाड्याची मुरड खिडक्यांना कळते. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, या मार्गावर आपली पहिली एस.टी. धावली. तेव्हापासून तिच्या तावदानांचा जो खडखडाट तीन पिढ्यांच्या कानांत बसला आहे, त्यात रस्त्याइतकाच चासीच्या मुरडण्याचाही हात आहे.

श्रीमंतांच्या मोटारींत हा खडखडाट चालण्यासारखा नव्हता. तेव्हाच्या मोटारीची वरची पेटी सुतार बांधीत असत; लाकडी चौकट आणि तिच्यावर पत्रा. खालची शिडी मुरडली की चौकटीचे सांधे करकरत आणि दारे अडकत. १९२० नंतरच्या दशकात शार्ल वेमान या विमानविद्येतल्या गृहस्थाने यावर एक युक्ती काढली. त्याने लाकडाच्या दोन तुकड्यांमध्ये धातूच्या लहान पट्ट्या घालून त्यांच्यात फट ठेवली, म्हणजे लाकडाला लाकूड घासूच नये. आणि वरून पत्र्याऐवजी कातड्यासारखे कापड ताणून बसवले. सांगाडा मुरडला की पेटीही त्याच्याबरोबर निमूटपणे मुरडे. आवाज बंद झाला. उत्तम उत्तम गाड्यांवर अशा पेट्या चढल्या. पण दुखणे गेले नाही, केवळ कण्हणे थांबले.

दुखण्यावरचे औषध इटलीत सापडले, आणि ते मोटारीच्या नव्हे, जहाजाच्या कारखान्यातले होते. तुरिनचा मोटारकार व्हिन्चेन्झो लांचा याला जहाजाचा सांगाडा पाहून ही कल्पना सुचली असे सांगतात. जहाजाला खाली वेगळी शिडी नसते. त्याचे कवच हेच त्याचे हाड. मग मोटारीलाच शिडी कशाला हवी? तिची बाजूची भिंत, तळ आणि आडवे पडदे हे सारे एकजीव करून तीच एक नाव का करू नये? या विचारातून निघालेली लांचा 'लाम्ब्डा' ही गाडी १९२२ साली पॅरिसच्या प्रदर्शनात लोकांनी पाहिली. तिच्या पुढच्या दोन चाकांना स्वतंत्रपणे वरखाली होण्याची मोकळीकही होती. या दोन गोष्टी एका गाडीत आल्या हा काही योगायोग नव्हता, हे पुढे दिसेल.

कवच म्हणजेच हाड ही गोष्ट समजायला परदेशी जाण्याची गरज नाही. या दिवसांत घरोघर मुले आकाशकंदील करीत असतात. बांबूच्या चार कामट्या दोऱ्याने बांधून चौकोन केला आणि त्याचा एक कोपरा दाबला, तर तो लगेच तिरपा होतो. त्याच चौकोनावर चारी कडांनी रंगीत कागद चिकटवा आणि खळ वाळू द्या. आता कोपरा दाबून पाहा. तोच चौकोन ताठ उभा राहतो! कागदाला वजन नाही आणि तो उभा राहू शकत नाही; पण ताणले असता तो सहजी लांबत नाही. चौकोन तिरपा व्हायचा तर त्याचा एक कर्ण लांब व्हावा लागतो, आणि कागद त्याला लांब होऊ देत नाही. कागद नको असेल तर कर्णावर एक तिरकी कामटी बांधा, तेच काम होते. शाळेतले डुगडुगणारे बाक दुरुस्त करायला येणारा सुतार पाठीमागे एक तिरकी पट्टी ठोकून जातो, आणि घराच्या आढ्याखाली तो कैची घालतो, ते याच ज्ञानाच्या बळावर. चौकोन फसवतो, त्रिकोण फसवीत नाही.

दुसरा प्रयोग जोड्यांच्या रिकाम्या खोक्याचा. झाकण काढून खोके दोन हातांनी पिळावे. ते केविलवाणे वाकडे होते. झाकण बसवून दोरीने घट्ट बांधावे आणि पुन्हा पिळावे. आता मनगटे दुखतील. बंद पेटीची ही ताकद आहे. छप्पर नसलेल्या हौशी मोटारी याच कारणाने दुबळ्या असतात. छप्पर काढले म्हणजे खोक्याचे झाकण गेले. म्हणून अशा गाड्यांच्या पोटाखाली कारखानदारांना जादा पट्ट्या आणि तिरके आधार द्यावे लागतात, आणि छप्पर नसताही ती गाडी पुष्कळदा छपराच्या गाडीपेक्षा जड भरते.

लांचाची कल्पना मोठ्या प्रमाणावर उतरविण्याचे धाडस १९३४ साली पॅरिसच्या आंद्रे सिट्रोएन याने केले. त्याच्या 'त्राक्स्यों आव्हां' या गाडीचे सगळे अंग पोलादी पत्र्याचे तुकडे वितळजोडाने सांधून एकसंध केलेले होते. खाली शिडी नाही म्हणून गिऱ्हाइकांनी बिचकू नये, यासाठी गाडी कड्यावरून खाली लोटून तिचा चित्रपटही काढण्यात आला. गाडी टिकली, पण तिचा धनी टिकला नाही. नव्या कारखान्याच्या आणि नव्या गाडीच्या खर्चाने सिट्रोएनचे दिवाळे वाजले, कंपनी मिशेलिन या टायरवाल्यांच्या हाती गेली आणि १९३५ साली तो वारला. त्याची ती गाडी मात्र त्याच्या मागे वीस वर्षांहून अधिक काळ निघत राहिली.

याच सुमारास अमेरिकेत दुसऱ्या बाजूने हाच विषय उकलत होता. रोल्स-रॉईसमधून जनरल मोटर्समध्ये गेलेला मॉरिस ऑली हा इंग्रज यंत्रज्ञ गाडीतला प्रवास सुखाचा कसा होईल, याचा ध्यास घेऊन बसला होता. पुढच्या चाकांना स्वतंत्र आणि मऊ स्प्रिंगा द्याव्यात, या मताचा त्याने पाठपुरावा केला आणि १९३४ च्या गाड्यांत त्या आल्या. येथे सारी गोष्ट उलटी झाली. स्प्रिंग कडक होती तोवर सांगाडा मुरडून तिचे काम करीत होता. आता स्प्रिंग मऊ झाली, तिने आपले काम स्वतः करायचे ठरवले. तर मग सांगाड्याने स्वस्थ राहिले पाहिजे. झोपाळ्याची कडी घट्ट असेल तरच झोपाळा नीट झुलतो; कडीच हलू लागली तर झोका कुठे जाईल याचा नेम नाही. लांचाच्या गाडीत ताठ कवच आणि मोकळी चाके एकत्र आली होती, ती याचसाठी.

आता त्या दोन बुरुजांकडे येऊ. अर्ल मॅकफर्सन हा अमेरिकन यंत्रज्ञ एका लहान शेव्हरोलेची आखणी करीत होता. ती गाडी कधी बाजारात आली नाही. तो फोर्ड कंपनीत गेला आणि १९५० च्या अखेरीस लंडनच्या प्रदर्शनात मांडलेल्या इंग्लिश फोर्ड गाड्यांत, 'कॉन्सल' आणि 'झेफर' यांत, त्याची रचना लोकांपुढे आली. तिच्यात स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर यांचा मिळून एक उभा खांब केलेला असतो. त्याचे खालचे टोक चाकाशी आणि वरचे टोक बॉनेटखालच्या पत्र्याच्या बुरुजात. रचना स्वस्त, सुटसुटीत आणि जागा वाचविणारी. पुढे जगभरच्या लहान गाड्यांनी ती उचलली. आपल्याकडे १९८३ च्या डिसेंबरात आलेल्या मारुती ८०० च्या पुढच्या चाकांवर हेच खांब होते आणि आजही आपल्या रस्त्यांवरील बहुतेक लहान गाड्या त्यांच्यावरच उभ्या आहेत.

परंतु सुटसुटीतपणाची किंमत असते. पूर्वी चाकाचा धक्का खालच्या जाड दांड्यांत जाई. आता तो उंचावरच्या पत्र्याच्या बुरुजाला बसू लागला. गाडी वेगाने वळते तेव्हा बाहेरच्या अंगाच्या चाकावर मोठा भार येतो आणि तो खांबावाटे बुरुजाला आत रेटतो. बुरूज किंचित झुकतो. हा झुकाव डोळ्यांना दिसणारा नसतो, पण तेवढ्यानेही चाकाचा कल बदलतो. चालकाने सुकाणू फिरविल्यावर गाडीचे तोंड आधी वळते, मग पत्रा सावरतो आणि मग बाकीची गाडी त्यांच्या मागून येते. बोलावलेल्या मुलाने "आलो, आलो" म्हणत जरा वेळाने यावे, तसा तो प्रकार. सपाट रस्त्यावर तो जाणवत नाही. घाटातल्या वळणावर जाणवतो.

या दुखण्यावर आडवा दांडा हा उतारा अमेरिकेत फोर्ड कंपनीने वापरला. तिच्या 'फाल्कन' आणि १९६४ साली निघालेल्या 'मस्टँग' या गाड्यांत मॅकफर्सनचा खांब नव्हता. पण त्यांच्या पुढच्या स्प्रिंगाही वरच्या बाजूने पत्र्याच्या बुरुजातच रेटत असत, तेव्हा दुखणे तेच. घरच्या गिऱ्हाइकाच्या गाडीत दोन्ही बुरूज मागच्या पत्र्याच्या भिंतीला दोन वेगळ्या तुकड्यांनी जोडलेले असत. परदेशच्या खडबडीत रस्त्यांवर जाणाऱ्या गाड्यांना मात्र त्या दोन तुकड्यांच्या जागी एक अखंड जाड तुकडा बसविला जाई. त्याला 'एक्स्पोर्ट ब्रेस', म्हणजे परदेशी पाठवणीचा आधार, असेच नाव पडले. आणि दोन बुरुजांना एकमेकांशी जोडणारा जो सरळ दांडा, त्याला नाव मिळाले 'मॉन्टे कार्लो बार'.

हे नाव आल्प्स पर्वतातल्या शर्यतीवरून आले. दर जानेवारीत, बर्फाने माखलेल्या अरुंद घाटांतून, मॉन्टे कार्लोची ही शर्यत चाले. १९६३ साली फोर्डने तेथे आठ सिलिंडरांच्या फाल्कन गाड्या उतरविल्या. एवढी अवजड अमेरिकन गाडी बर्फात काय करणार, असेच पुष्कळांना वाटले असेल. पण बो यूंगफेल्ट या स्वीडिश चालकाने वेगाच्या टप्प्यांवर सर्वांना मागे टाकले. गाडीच्या बिघाडात वेळ गेल्यामुळे अंतिम यादीत तो फार खाली राहिला, ते निराळे. १९६४ साली तो पुन्हा आला आणि दुसरा आला. पहिला आला आयर्लंडचा पॅडी हॉपकर्क, १०७१ सी.सी.च्या चिमुकल्या 'मिनी कूपर एस'मधून. त्या वर्षीचा गुणांचा हिशेब लहान इंजिनाला थोडी सवलत देणारा होता. तरीही लोकांच्या लक्षात राहिली ती मिनीच. घाटात दांडगाईपेक्षा गाडीने सांगितलेले ऐकणे महत्त्वाचे असते, हे त्या एका शर्यतीने साऱ्या युरोपला दाखविले.

दुसऱ्याच वर्षी, १९६५ साली, कॅरल शेल्बी याने मस्टँगची शर्यतीजोगी आवृत्ती काढली. हा टेक्ससचा गडी एके काळी कोंबड्या पाळीत असे; १९५९ साली फ्रान्समधील ल मांसची चोवीस तासांची शर्यत तो जिंकला आणि पुढे छातीच्या दुखण्याने शर्यती सोडून गाड्या बनवू लागला. त्याच्या 'जी.टी. ३५०'मध्ये अखंड आधार आणि आडवा दांडा ही दोन्ही मंडळी हजर होती. आज ज्या दांड्यासाठी तरुण पैसे मोजतात, त्याचे हे थोरले भाऊ.

शर्यतीच्या खऱ्याखुऱ्या गाड्यांत याच काळात त्याहून मोठी उलथापालथ झाली. इंग्लंडच्या कॉलिन चॅपमनने १९६२ साली 'लोटस २५' ही गाडी आणली. तोवर शर्यतीच्या गाडीचा सांगाडा नळ्यांचे जाळे असे. चॅपमनने नळ्या टाकून दिल्या आणि पत्र्याच्या बंद कोठ्यांची एक नाव केली. लांचाचे जहाज चाळीस वर्षांनी शर्यतीत उतरले. आदल्या नळ्यांच्या गाडीशी ताडून पाहता हा सांगाडा तिप्पट ताठ होता आणि वजनाला निम्मा. जिम क्लार्कने १९६३ साली याच गाडीतून जगज्जेतेपद मिळविले.

सराईत हाताला हा ताठपणा किती लवकर कळतो, याची एक गोष्ट जपानातली आहे. होंडा कंपनी 'एन.एस.एक्स.' ही संपूर्ण ॲल्युमिनियमच्या अंगाची गाडी तयार करीत होती. १९८९ च्या आरंभी सुझुकाच्या धावपट्टीवर ब्राझीलचा आयर्टन सेन्ना तेथे होता. त्याला ती चालवायला दिली. गाडी त्याला जराशी नाजूक वाटली. तो काही मोजमाप करून बोलला नव्हता. त्याच्या हातांना आणि पाठीला ते कळले. होंडाच्या माणसांनी ही गोष्ट मनाला लावून घेतली. जर्मनीतल्या न्यूरबुर्गरिंगच्या डोंगरी रस्त्यावर त्यांनी गाडी पुन्हा पुन्हा पळविली, ठिकठिकाणी आधार वाढवले, आणि ताठपणा जवळजवळ निम्म्याने वाढवून मगच १९९० साली ती विक्रीस काढली.

येथवर ऐकून कोणालाही वाटेल की गाडी जितकी ताठ तितकी चांगली. पण तसे नाही, आणि येथे गोष्ट माणसाच्या जिवापर्यंत येते. डाइम्लर-बेंझ कंपनीत बेला बारेन्यी नावाचा यंत्रज्ञ होता. सगळी गाडी ताठ असेल तर टक्कर होताच तिचा सारा आघात आतल्या माणसांना बसतो, हे त्याने ओळखले. १९५१ साली त्याने पेटंटासाठी अर्ज केला तो निराळ्याच विचाराचा. माणसे बसतात ती मधली कोठी कणखर असावी. पुढचा आणि मागचा भाग मात्र टक्कर झाली की चुरगाळत जावा आणि चुरगाळताना आघात गिळून टाकावा. १९५९ सालच्या मर्सिडीज गाडीत हा विचार प्रत्यक्षात उतरला. आज जगातल्या सर्व चांगल्या गाड्यांचा तो पाया आहे. एवढा पुढारलेला समोरचा भाग मोडलेला पाहून लोक पत्र्याला नावे ठेवतात. पण पुष्कळदा तो पत्रा मोडला म्हणूनच माणूस वाचलेला असतो.

तेव्हा ताठपणा कुठे हवा आणि नमते घेणे कुठे, हा सगळा प्रश्न आहे. बाजारातून आणलेल्या दांड्याचा विचारही याच तराजूत करायला हवा.

जपानात १९८० नंतरच्या दशकात डोंगरी घाटांतून रात्री गाड्या पळविणाऱ्या तरुणांची एक जातच निर्माण झाली आणि तिच्यासाठी असे दांडे विकणारी दुकानेही. तेथून ही हौस जगभर गेली. दांडा सरळ असेल, त्याची टोके बुरुजांना पक्की जखडलेली असतील, आणि गाडी मुळात जुनी किंवा पत्र्याने दुबळी असेल, तर फरक पडतो यात शंका नाही. एका बुरुजावरचा रेटा दोघे वाटून घेतात. परंतु इंजिनाला वळसा घालण्यासाठी दांडा धनुष्यासारखा वाकवलेला असला, तर रेटा येताच तो धनुष्यासारखाच आणखी वाकतो. टोकांना बिजागरीसारखे सांधे असले, तर तो ओढ आणि रेटा सोसेल, पण तिरपेपणा थोपविणार नाही. त्यासाठी आकाशकंदिलाची तिरकी कामटी हवी. म्हणजे दांड्याचा तिसरा पाय मागच्या भिंतीला टेकायला हवा. फोर्डने तेच केले होते. ॲल्युमिनियमचा दांडा दिसायला देखणा आणि हलका; पण तितक्याच आकाराच्या पोलादापेक्षा तो तिपटीने लवकर वाकतो. चकाकीला या हिशेबात गुण नाहीत.

शिवाय आजच्या गाड्या मुळातच फार ताठ असतात. चांगल्या नव्या गाडीचे अंग एका अंशाने पिळायला वीस हजार न्यूटन-मीटर किंवा त्याहून अधिक पीळ लागतो. म्हणजे गाडी मागे जखडून ठेवली आणि पुढे आडवी एक मीटर लांबीची पहार लावली, तर तिच्या टोकाला साठ किलोंची चौतीस माणसे लोंबकळायला हवीत; तेव्हा कुठे ती एक अंश मुरडेल. विजेवर चालणाऱ्या गाड्यांत तर तळाशी बॅटरीची मोठी पेटीच असते. खोक्याला दुसरे झाकण मिळाल्यासारखे होते. अशा गाडीवर आडवा दांडा म्हणजे धडधाकट माणसाच्या हाती शोभेची काठी. आणि एका अपघाताचाही विचार करावा लागतो. एका अंगाने टक्कर बसली, तर जो दांडा वळणावर रेटा वाटून घेतो, तोच आघातही पलीकडच्या बुरुजापर्यंत पोहोचवितो. कारखान्याने आखलेली चुरगाळण्याची वाट त्यामुळे बदलू शकते. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कारखान्याच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर बंधने घालते, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ साली त्यावर बोट ठेवले आहे. तेव्हा हौशीच्या आधी नियम पाहून घेणे बरे.

या सगळ्या गोष्टीत आपल्या मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीला विसरून चालणार नाही. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीची फियाट ११०० बनू लागली. तीच १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने ओळखली गेली. तिला खाली शिडी नव्हती. लांचा आणि सिट्रोएन यांच्या मार्गाने आलेली ती कवचाची गाडी होती. शिडीच्या गाडीचा वरचा पत्रा सडला तरी ती चालते. फार तर लाजिरवाणी दिसते. कवचाच्या गाडीचा पत्रा सडला म्हणजे हाडच सडले. मुंबईच्या खाऱ्या हवेने आणि चार महिन्यांच्या पावसाने या टॅक्सींचे तळ खाल्ले. गॅरेजमध्ये त्यांना पत्र्याचे ठिगळ आणि वितळजोड लागत राहिले आणि त्या ठिगळांच्या बळावर त्यांनी दोन-तीन पिढ्यांना दादर-परळपासून बोरीबंदरापर्यंत पोहोचविले. दार दोनदा आपटल्याशिवाय लागत नसे, हे ज्यांना आठवते त्यांनी तो सांगाड्याचा संदेश स्वतःच्या हाताने घेतलेला आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली.

दिवाळीच्या सुटीत पुष्कळ कुटुंबे आपापल्या गाड्या घेऊन कोकणात उतरतील, कोणी महाबळेश्वर गाठतील. निघण्यापूर्वी तेल, पाणी आणि टायरांतली हवा पाहण्याची आपली रीत आहे. त्याच वेळी बॉनेटखालच्या त्या दोन बुरुजांवरही एकदा नजर टाकावी. त्यांच्या भोवती तांबूस गंज धरला नाही ना, पत्र्याच्या सांध्यावरचा रंग रेषेसारखा तडकला नाही ना, खांबाचे नट जागच्या जागी आहेत ना, एवढे पाहायला दोन मिनिटे पुरतात. शंका आली तर मेकॅनिकला बोलवावे. दांडा बसवायचा की नाही, तो विचार पुढच्या महिन्यावर टाकता येतो; घाट मात्र उद्याच उतरायचा असतो, आणि मागच्या बाकावर मुले बसलेली असतात.